नंबराची वही

बामणोलीच्या बोट क्लबात मी नंबराची वही सांभाळते.
लाँच तेवीस. ज्याचा नंबर त्याची फेरी,
मग तो माझा चुलतदीर असो
की तीन वर्षं माझ्याशी न बोललेला असो.
बंद होण्याआधीची शेवटची ओळ:
अकरा नंबर, वासोटा, सहा माणसं,
गेले आठ वाजता, आले साडेचारला.
त्याखाली कोऱ्या पानांवर
एक झुरळ तेवढं फेऱ्या मारून गेलं.

लाइफ जॅकेटांत उंदरांनी पिल्लं घातली.
इंजिनं धरली.
उन्हाळ्यात पाणी खाली खाली गेलं
आणि लाँचा गाळात कुशीवर निजल्या,
म्हशींसारख्या.

अकरा नंबर कोंडिबा उतेकरचा.
त्याचा निवास मोठ्या जहाजावर.
चौदा मजले, आत तीन पोहण्याचे तलाव
(समुद्रात तलाव कशाला, हे कोंडिबाला अजून कळलेलं नाही).
निवासचं काम खोल्या आवरायचं,
पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवायचं.
साथ आली तेव्हा प्रवासी उतरले, हे राहिले.
सत्त्याऐंशी दिवस कुठलंच बंदर घेईना.
"पहिल्यांदाच खिडकीची खोली मिळाली, ताई,
आणि पडदा उघडवेना."

गावाला आला तो थेट शाळेत, चौदा दिवस.
चौथीच्या वर्गात बाकांवर
सोलापुरी चादरीचे हत्ती करून बसायचा.
खिडकीबाहेर पोरं मोजायची, आज किती झाले.

मग क्लब उघडला. पहिल्या आठवड्यात नऊ फेऱ्या.
दहावी मी धरत नाही,
ती ग्रामसेवकाच्या मेव्हण्याची, फुकट.

आणि त्याच आठवड्यात
टाकीच्या टेकाडावर, जिथं रेंज येते,
निवासच्या मोबाइलवर कंपनीचं पत्र उतरलं.
गोड भाषा. कठीण काळ. एक कुटुंब.
धंदा सावरायला तुमची साथ हवी.
चार महिने अर्धा पगार.
मेडिकल आणि मुंबईपर्यंतचं भाडं
आपलं आपण.

कोंडिबानं दोनदा वाचून घेतलं.
"चौदा मजल्याची ती. आन् सावरायची ह्यानं?"

सभा भरली. सभा म्हणजे माझ्या खिडकीसमोर
उलटे ठेवलेले डिझेलचे कॅन.
विलास म्हणाला, आपल्या इंजिनाला ऑइल न्हाय
आणि आपण जहाजं तारायला निघालो.
सगळे हसले. निवासही हसला, जरा उशिरा.
कुणी म्हणालं कर्ज काढ, कुणी म्हणालं जाऊच नको,
इथं तंबू टाक, टॉवेलचे हत्ती कर,
पुण्याची लोकं फोटो काढतील.
मग कणसं भाजणारी शेवंताबाई
निखारे हलवायचं थांबली.
"तिकडं माणसं फिराया लागली
तर हिकडं बी लागत्याल की.
माणूस एकदा भ्यायचं सोडतंय, ते काय मुलूख बघून सोडतंय?"
तिनं दोनशेची नोट कॅनवर ठेवली.
आणि मग, कोळशाला लागतील म्हणून,
तीस रुपये परत मागून घेतले.
त्या नोटेवर नोटा पडत गेल्या.
विलासनं शेवटी टाकले. सगळ्यांत जास्त.
वर म्हणाला, हिशेब लिहा.

मी लिहिला. वहीच्या मागच्या पानावर,
पावतीशिवाय.

तो गेला त्या पहाटे
पलीकडच्या वाडीतून कोंडिबानं त्याला आणलं.
पाण्यावर धुकं. इंजिनाचा आवाज आधी आला,
लाँच नंतर.
एक बॅग, लसीचा कागद प्लास्टिकमध्ये,
आणि आईनं दिलेला नाचणीच्या पिठाचा डबा,
जो विमानतळावर उघडायला लावणार
हे तिघांनाही माहीत होतं.
साताऱ्याची एसटी उभी होती.
बापलेक काही बोलले नाहीत.
बाप दोर बांधत राहिला, बांधलेलाच.

नियम म्हणजे नियम. मी वही ओढली:
अकरा नंबर, एक माणूस.
आमच्या वहीत 'एकेरी' असं काही नसतं.
इथून जो जातो तो संध्याकाळी परत येतो,
म्हणून रकाने दोनच, गेले आणि आले.
गेले: सहा दहा.
पुढच्या रकान्यात रेघ मारायला पेन टेकवलं,
उचललं.

मागून विलासची हाक आली,
आठ जण उभे आहेत, बाई,
बारा नंबर लावू का?